अक्षय भाता

(तृतीय वर्ष कला)

क्रिकेटचा चेंडू झुडपात गेला तर आपण तो शोधून आणतो. विटी मोडली तर बाभळीच्या फांदीची दुसरी करता येते. कबड्डीला तर अंगावरच्या कपड्यांशिवाय काही लागतच नाही. माझ्या वाट्याला मात्र असा खेळ आला आहे की त्यात एकदा वापरलेली वस्तू पुन्हा हाती येत नाही. नेम धरला, चाप ओढला, की अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा कागदाला भोक पाडून पलीकडच्या पत्र्यावर आपटतो आणि चपटा होतो. भोक बरोबर मध्यावर पडलं तरी तो गेला, बाहेर पडलं तरी गेला. शिक्का बसलेल्या पोस्टाच्या तिकिटासारखा.

मैत्रिणी विचारतात, "नेमबाजीत सगळ्यांत अवघड काय गं?" मी 'एकाग्रता' म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी म्हणते, "छर्रे मिळणं." त्या हसतात. पण मी थट्टा करत नसते. त्या उत्तराचाच या लेखात थोडा विस्तार करायचा आहे.

सुरुवात एन.सी.सी.मध्ये झाली. अकरावीत असताना पहिल्या शिबिरात .२२ रायफल हातात आली. पालथं पडून, कोपरं जमिनीला टेकवून पंचवीस यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा. प्रत्येकीच्या वाट्याला पाच गोळ्या. पाचांतल्या किती मध्यावर लागल्या याला तेव्हा महत्त्व नसतं. पाचही भोकं एकमेकींच्या किती जवळ आली हे पाहतात. त्याला ग्रुपिंग म्हणतात. फायरिंग संपलं की रिकाम्या पितळी पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. गोळ्या जितक्या दिल्या तितक्याच पुंगळ्या भरल्या पाहिजेत. एकदा एक पुंगळी कमी भरली आणि आम्ही साऱ्या जणी ओणव्या होऊन गवत चाचपत बसलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती एकीच्या दुमडलेल्या बाहीत सापडली. नेमाइतकंच मोजणंही या खेळात महत्त्वाचं आहे, हा माझा पहिला धडा. अंजली भागवत यासुद्धा एन.सी.सी.तूनच या खेळाकडे वळल्या, हे त्या शिबिरात आम्हांला रोज एकदा तरी ऐकायला मिळे. पाच गोळ्या मारून आलेली प्रत्येक मुलगी त्या रात्री तंबूत अंजली भागवतच होती.

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त सुभेदार आहेत. बाजार समितीजवळच्या एका जुन्या गोदामात त्यांनी दहा मीटरची रेंज उभी केली आहे. 'उभी केली' हा शब्द जरा मोठा झाला. लक्ष्याचा कागद मागेपुढे नेण्यासाठी सायकलच्या दोन रिमांवरून दोरी फिरवली आहे, आणि छर्रे अडवायला तेलाच्या डब्यांचे जाड पत्रे मागेपुढे ठोकले आहेत. एअर रायफली दोन, दोन्ही कुणीतरी वापरून विकलेल्या. दोन वर्षांपूर्वी तिथे आम्ही आठ जण होतो, पाच मुली आणि तीन मुलगे.

दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे पूर्णविरामाएवढा. त्यावर साडेचार मिलिमीटरचा छर्रा उभं राहून मारायचा. स्पर्धेत असे साठ नेम, सव्वा तासात. डब्यात छर्रे असतात पाचशे. आता हिशोब करा. आठ जणांनी एका संध्याकाळी प्रत्येकी साठ मारले की चारशे ऐंशी झाले, डबा संपला. म्हणून आमचा नियम असा होता: आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी वीस. तेच चारशे ऐंशी आठवडाभर पुरवायचे. रोजच्या सरावाला देशी छर्रे आणि महिन्यातून एकदा चाचणी असली की जर्मन डबा. त्या एका जर्मन डब्याच्या किमतीत आमच्या घरचा आठवड्याचा बाजार दोनदा होतो.

देशी आणि जर्मन छर्ऱ्यांत फरक काय, असं मीही विचारलं होतं. सुभेदारसाहेबांनी रायफल टेबलावर घट्ट बांधली आणि दोन्ही प्रकारचे पाच-पाच छर्रे मारून दाखवले. जर्मन छर्ऱ्यांची पाच भोकं मिळून एकच भोक झालं होतं. देशी छर्ऱ्यांची शेजारच्या पोरांसारखी, ओळखीची पण वेगवेगळी. रायफल हललेली नव्हती. म्हणजे देशी छर्रा मारून नऊ आले तर चूक माझी की छर्ऱ्याची, हे मला कधीच कळणार नव्हतं. शिकणाऱ्याला याहून मोठा तोटा नाही.

वीस छर्ऱ्यांनंतरच्या वेळेत आम्ही कोरा सराव करत असू. छर्रा न घालता नेम धरायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचा, चाप ओढायचा. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. चाप ओढताना ते पडता कामा नये. सैन्यातली ही जुनी युक्ती आहे आणि ती खरंच उपयोगी पडते. हात स्थिर होतो, बोट शहाणं होतं. पण कोरा सराव एक गोष्ट शिकवत नाही. नेम चुकल्यावर पुढच्या नेमाकडे कसं वळायचं, हे तो शिकवत नाही, कारण त्यात नेम चुकतच नाही. तिथे आम्ही सगळेच दहा गुणांचे असू.

छर्ऱ्यांची टंचाई ही आमच्या गोदामापुरती गोष्ट असेल असं मला आधी वाटे. थोडं वाचल्यावर कळलं की ती फार दूरवर पसरलेली आहे. स्पर्धेच्या दर्जाचे छर्रे आणि .२२ ची काडतुसं प्रामुख्याने जर्मनी, इंग्लंड अशा मोजक्या देशांतल्या मोजक्या कारखान्यांत होतात. आपल्याकडे साध्या एअर रायफलच्या छर्ऱ्यांना परवाना लागत नाही, पण काडतुसांना परवाना लागतो आणि वर्षाला किती घ्यायची याची मर्यादाही असते. काडतुसात बारूद असते, त्यामुळे त्याची गाठ थेट युद्धाशी. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बारूद करतात त्याचा युरोपात तुटवडा पडला. तोफेचा गोळा आणि मुलांच्या स्पर्धेतलं काडतूस, दोघांचं पोट एकाच कोठारावर आहे. कोठारात कमी पडलं की आधी कोणाला मिळणार हे सांगायला नको.

ज्या देशात बंदुका भाजीसारख्या मिळतात त्या अमेरिकेतही मुलांच्या क्लबांना ही टंचाई चुकली नाही, आणि तिचं कारण वाचून मी गप्प झाले. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणानं २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळ्या घालून मारली. आता बंदुकांवर कडक कायदा येणार अशी हवा उठली आणि लोकांनी काडतुसं घरात भरून ठेवायला सुरुवात केली. २०१३ मध्ये मुलांच्या शिकण्यातली साधी .२२ ची काडतुसं दुकानांतून नाहीशी झाली. २०२० मध्ये साथ आली, दंगली झाल्या, निवडणूक आली, आणि पुन्हा तेच. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. नेमकं त्याच वर्षी जुलैत, १८१६ पासून चालत आलेल्या रेमिंग्टन कंपनीनं दिवाळं काढलं. तिथे 'फोर-एच' नावाची ग्रामीण मुलांची जुनी चळवळ आहे. शेती, जनावरं, शिवण यांच्याबरोबर तिच्यात नेमबाजीही शिकवतात. अशा क्लबांना मग देणगीदारांकडे पाहावं लागलं. मोठी माणसं भीतीपोटी साठा करतात आणि मुलं कागदावर भोक पाडायला काडतुसं मागतात, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दान आमच्याकडेही आलं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांना पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक मिळालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा! त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेत्या झाल्या होत्या, पण तेव्हा आम्ही पाळण्यातून नुकतेच उतरलो होतो. पॅरिसचं पदक आमच्या डोळ्यांदेखत आलं. महिन्याभरात गावचेच, पण पुण्यात व्यवसायात नाव काढलेले एक गृहस्थ गोदामात आले. त्यांनी जर्मन छर्ऱ्यांचे दहा डबे दिले. पाच हजार छर्रे! शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाला. ते म्हणाले, "मला काही नको. आपल्या गावातही एक स्वप्नील झाला पाहिजे." माणूस मनापासून बोलत होता. त्यांचा मोठेपणा मी आजही मानते.

ते गेल्यावर सुभेदारसाहेबांनी डबे टेबलावर रचले आणि आम्हां आठ जणांना समोर बसवलं. राज्य स्पर्धा दीड महिन्यावर होती. ते म्हणाले, "दोघींची तयारी आहे. त्यांना दीड-दीड हजार. उरलेले दोन हजार सहा जणांत." आणि मग थोडं थांबून, "सगळ्यांना सारखं वाटलं तर सगळेच अर्ध्या वाटेवर राहतील, बाळांनो. एक जण तरी पोचू दे." त्या दोघींमधली एक मी होते.

सहा जणांत दोन हजार, म्हणजे प्रत्येकी तीनशे तेहतीस. स्पर्धेसारखा पूर्ण सराव जेमतेम साडेपाच वेळा. त्या सहांत एक मुलगी होती. माझ्यानंतर वर्षभरानं आलेली, सहा किलोमीटरवरच्या वाडीतून. वडील दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवतात. तिचे गुण अजून माझ्याइतके नव्हते, पण तिचं उभं राहणं पाहण्यासारखं होतं. रायफल खांद्याला लावली की ती झाडासारखी रुजायची. माझ्या नळीवरचं नाणं दहांतून दोनदा पडे. तिचं पडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. सुभेदारसाहेबही म्हणत, "हिला वर्षभर छर्रे मिळाले तर ही तुम्हां सगळ्यांना मागं टाकील."

वाटणीनंतर चार-पाच दिवसांनी तिनं आपला डबा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "ताई, हे तू घे. मी तीनशे मारून काय करू? तुझं तरी होईल." मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. सुभेदारसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहून माझ्या नावाखाली जमा केला. त्या दिवाळीनंतर ती रेंजवर आली नाही.

राज्य स्पर्धेत मी पात्रतेच्या गुणांपेक्षा दोन गुण जास्त मिळवले आणि मावळंकर स्पर्धेला गेले. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन केली. त्यांच्या नावाची ही स्पर्धा. आपल्या कोकणातल्या घराण्यातला माणूस, याचा मला तिथे उगीचच अभिमान वाटला. तिथून पुढे काही मी गेले नाही. पण ते दोन गुण अजून माझ्या मनात आहेत. सहाशेतले दोन गुण म्हणजे किती छर्ऱ्यांचा सराव? तीनशे तेहतीस छर्ऱ्यांत दोन गुण वाढतात का? वाढत असतील तर ते माझे की तिचे? सुभेदारसाहेबांचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. दोन जणींना निम्म्याहून जास्त दिले नसते तर कदाचित आमच्या गोदामातून कोणीच पुढे गेलं नसतं. गणित बरोबर होतं. पण त्या गणितात एक मुलगी वजा झाली, तेही खरं.

आपल्याकडे अशा वेळी एकलव्याची गोष्ट सांगतात. गुरू नाही, साधन नाही, तरी जिद्दीवर शिकला. मला त्या गोष्टीबद्दल एक शंका आहे. एकलव्य रानात राहत होता. बाण त्याला स्वतः करता येत होते आणि मारलेला बाण झाडातून उपसून पुन्हा वापरता येत होता. साडेचार मिलिमीटरचा छर्रा कोणी वाडीवर करू शकत नाही. आमच्या खेळात जिद्द असून चालत नाही, डबा लागतो. उलट अर्जुनाचं पाहा. खांडववन जाळायचं ठरलं तेव्हा अग्नीनं वरुणाकडून त्याला गांडीव मिळवून दिलं आणि कधीही रिते न होणारे दोन भाते दिले. म्हणजे अक्षय भाता हेही दानच होतं. पण ते मिळालं तेव्हा अर्जुन आधीच अर्जुन झालेला होता. द्रौपदीच्या स्वयंवराला होऊन बरीच वर्षं लोटली होती. दान सहसा असंच येतं, जो ठरलेला आहे त्याच्याकडे. अभिनव बिंद्रांच्या आईवडिलांनी घरीच रेंज बांधून दिली आणि मुलानं २००८ मध्ये बीजिंगला त्याचं सोनं केलं. याबद्दल कोणाला असूया वाटू नये. पण ज्याच्या घरी अंगणच मातीचं आहे, त्याच्या पहिल्या शंभर छर्ऱ्यांची सोय कोणी करायची?

याचं एक उत्तर मला पुन्हा अमेरिकेतच सापडलं. मिसुरी राज्यात मिडवे-यूएसए फाउंडेशन नावाचं एक प्रतिष्ठान आहे. ते शाळांच्या आणि क्लबांच्या नेमबाजी संघांच्या नावे ठेव ठेवतं. मुद्दल मोडायचं नाही. दरवर्षी सुमारे पाच टक्के रक्कम संघाच्या हाती येते आणि त्यातून काडतुसं, प्रवास असा खर्च भागतो. प्रतिष्ठानामागचं दांपत्य काडतुसांच्याच व्यापारातलं आहे, तेव्हा यात त्यांचा काहीच स्वार्थ नसेल असं समजायचं कारण नाही. पण कल्पना चांगली आहे. दहा डबे एकदा देऊन फोटो काढण्यापेक्षा दर वर्षी चार डबे मिळत राहणं, हाच खरा अक्षय भाता.

आणि ही कल्पना आपल्याला परकी थोडीच आहे? याच अंकाच्या शेवटच्या पानांवर पारितोषिकांची यादी असते. मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीला कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ, इतिहासात पहिल्या येणाऱ्याला कुणाच्या तरी गुरुजींच्या स्मरणार्थ. साऱ्या ठेवींच्या व्याजावर चालणाऱ्या गोष्टी. लाखाची ठेव असली तर वर्षाला सहा-सात हजार व्याज येईल आणि त्यात चार-पाच डबे बसतील. फक्त ती पहिल्या आलेल्यासाठी नको. नव्यानं येणाऱ्यासाठी हवी.

हे मी आमच्या एका सरांना बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, वसतिगृहातल्या मुलींच्या खाणावळीचे पैसे थकतात आणि तू बंदुकीच्या छर्ऱ्यांना दान मागतेस?" त्यांचं म्हणणं मला तोडता आलं नाही. अन्नाच्या पंगतीत छर्ऱ्यांना बसवू नये. पण जिमखान्याच्या यादीत दर वर्षी बॅडमिंटनची फुलं असतात आणि तीही मारून मारून फाटतातच. बंदूक म्हटलं की मनात भीती येते, आणि सँडी हूकसारखं वाचल्यावर ती का येऊ नये? मात्र आमच्या गोदामात मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे, की रायफलीत छर्रा असो वा नसो, नळीचं तोंड माणसाकडे वळवायचं नाही. हात कधी आवरायचा हे शिकण्याची जागा म्हणून तरी हा खेळ आपल्या कॉलेजात असायला हरकत नसावी.

ती मुलगी आता द्वितीय वर्षाला आहे आणि सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मी नोट्स घेऊन गेले की माझे गुण विचारते. छर्ऱ्यांचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

गेल्या महिन्यात मी माझ्या वाट्याच्या डब्यातले छर्रे मोजून सुभेदारसाहेबांकडे नेले. त्यांनी काही विचारलं नाही. वहीत नवं पान काढलं, वर 'नवीन' असं लिहिलं आणि खाली, जमेच्या बाजूला, '१००'. खर्चाची बाजू अजून कोरी आहे. कोणाला यायचं असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर गोदामाचं दार उघडं असतं. येताना एक रुपयाचं नाणं मात्र आपलं आपण आणावं.